पळून थांबल्यावर दम लागतो, रोज पंप मारून पळत राहू का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही कंसात टाकून पुढे निघून गेलाय. थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, लहानपणी दमा होता, मधली पंधराएक वर्षं काहीच त्रास नाही, आता तीन महिन्यांपासून आठवड्यातून पाच दिवस पळताय. पहिली दहा मिनिटं ठीक जातात, पण थांबलात की खोकल्याची ढास लागते, छाती आवळल्यासारखी होते, कधी सुंईसुंई आवाज येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप निवळतं. म्हणून आता रोज निघायच्या आधी निळ्या पंपाचे दोन पफ मारता. ट्रेनर म्हणतो सहन करा, फुफ्फुसं तयार होतील. आई म्हणते पळणं बंद कर. घड्याळात ऑक्सिजन ९७ दिसतो. प्रश्न दोन आहेत, दम्यात सेफ व्यायाम कुठला आणि रोज दोन पफ मारले तर चालतं का.

आणि कंसात लिहिलंय, "रात्री कधीकधी खोकल्याने जाग येते पण ते वेगळं, धुळीचं असेल."

ते वेगळं नसावं असं मला वाटतंय. माझं सगळं उत्तर त्या कंसाभोवतीच फिरणार आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, एकवीस वर्षं छातीच्या विभागात काम करतेय, दम्याच्या आणि सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) माणसांना ट्रेडमिलवर चालवणं हेच रोजचं काम. औषध लिहून देणं माझं काम नाही, त्यामुळे औषधांबद्दल जे लिहीन ते डॉक्टरांशी काय बोलायचं एवढ्यापुरतं धरा. शिवाय मी तुमची छाती तपासलेली नाही, फुंकर मोजलेली नाही, तेव्हा "बहुतेक" आणि "वाटतंय" हे शब्द बरेच येतील, त्याला इलाज नाही.

आधी हे बघू की त्रास पळताना न होता थांबल्यावर का होतो, कारण हे कळलं की निम्मी भीती जाते. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, तीही नाकातून, म्हणजे गरम होऊन, ओलसर होऊन, गाळून. पळायला लागलो की तेच ६०, ८०, कधी १०० लिटरच्या वर जातं, मग नाक पुरत नाही, तोंड उघडतं आणि कोरडी हवा थेट खाली जाते. श्वासनळ्यांच्या आतून पाण्याचा एक पातळ थर असतो तो सुकायला लागतो, उरलेलं पाणी खारट होतं, आणि ज्यांच्या नळ्या मुळातच सुजलेल्या, चिडक्या आहेत त्यांच्या तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन अशी रसायनं सोडतात, त्याने नळीभोवतीचा स्नायू आवळतो. पळत असताना मोठमोठे श्वास चालू असतात, अंगात अ‍ॅड्रेनलिन असतं, त्यामुळे नळ्या बऱ्यापैकी उघड्या राहतात. थांबलात की तो आधार गेला. म्हणून त्रास थांबल्यानंतर ५ ते १० मिनिटांनी सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकांचा तासाभरात जातो. तुमचं वर्णन याच्याशी जवळपास तंतोतंत जुळतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतंच, पण शिकले वेगळीकडे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तरुण मुलाला ट्रेडमिलवर आठ मिनिटं पळवलं, मस्त पळाला, छाती साफ, नाडी ठीक, मी म्हटलं शाब्बास, जा पाणी पिऊन ये. पाण्याचा कूलर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. मी पुढच्या पेशंटचा कागद भरत होते आणि कुणीतरी सांगत आलं की तुमचा मुलगा तिथे भिंतीला धरून वाकलाय. पंप माझ्या टेबलावर आणि तो तिथे. पाच-सहा मिनिटंच झाली असतील थांबून. काही वाईट घडलं नाही, स्पेसरने (पंपाला लावायची पोकळ नळी, त्यातून औषध ओढणं सोपं जातं) पफ दिले, पंधरा मिनिटांत बरा झाला, पण तेव्हापासून माझ्या खोलीत व्यायाम संपल्यावर वीस मिनिटं कुणी बाहेर जात नाही आणि पंप ज्याचा त्याच्या खिशात असतो. तुम्हालाही हेच सांगेन. पळणं संपवलं की लगेच आंघोळीला, गाडी चालवायला पळू नका, ती पंधरा-वीस मिनिटं व्यायामाचाच भाग समजा.

आता एक शंका काढून टाकू. पळताना दम लागला म्हणजे दमाच असं नसतं. माझ्याकडे "व्यायामाचा दमा" म्हणून येणाऱ्यांत काहीजणांचा गोंधळ घशात असतो, स्वरयंत्राचा भाग जोरात श्वास घेताना मिटतो. त्यांना श्वास आत घ्यायला त्रास होतो, आवाजही आत घेताना येतो, हात गळ्याकडे जातो, त्रास अगदी जोरात पळत असताना येतो आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत गायब, पंपाचा काही उपयोग नाही. दम्यात श्वास बाहेर सोडायला जड जातं, सुंईसुंई बाहेर सोडताना, त्रास थांबल्यावर वाढतो, आणि पंपाने फरक पडतो. तुमचं दुसऱ्या गटातलं वाटतंय. काहींना तर काहीच नसतं, दहा वर्षं खुर्चीत बसून अचानक पळायला लागले तर धापा लागणारच की, पण ती धाप थांबल्यावर कमी कमी होत जाते, वाढत नाही. रक्त कमी असणं हेही एक कारण, ते साध्या तपासणीत कळतं. आणि पळताना छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, धडधड चुकल्यासारखी वाटणं यातलं काही असेल तर आधी हृदय तपासून घ्या, दम्याचं नंतर बघू.

खात्री करायची असेल तर टेस्ट आहे. ट्रेडमिलवर ६ ते ८ मिनिटं दमदार पळवतात आणि आधी व नंतर स्पायरोमेट्री करतात, म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फेकता ते थांबल्यानंतर ५, १०, १५, ३० मिनिटांनी मोजतात. १० टक्के किंवा जास्त घट आली तर व्यायामाने नळ्या आवळतात हे नक्की. पण त्याच्याही आधी साधी स्पायरोमेट्री करा, पंपाच्या आधी आणि नंतर. लहानपणी दमा होता एवढ्यावर आत्ताचं निदान गृहीत धरू नये, तसंच मधे पंधरा वर्षं काही झालं नाही म्हणून दमा "गेला" असंही धरू नये, मोठेपणी परत डोकं वर काढलेले कितीतरी बघितलेत.

आता कंस. दमा ताब्यात आहे की नाही हे बघायला चार प्रश्न विचारतात, मागच्या चार आठवड्यांबद्दल. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा होतो का? दम्यामुळे रात्री कधी जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागतो का? दम्यामुळे काही करणं टाळावं लागतंय का? व्यायामाच्या आधी ठरवून घेतलेला पफ काही ठिकाणी यात मोजत नाहीत ते बाजूला ठेवू, तरी तुमचा थांबल्यावरचा त्रास आठवड्याला पाचदा आहे आणि रात्रीची जाग आहे. एकाही प्रश्नाला हो आलं तर ताबा पूर्ण नाही, तुमची दोन तर तुम्हीच लिहून दिलीत. म्हणजे तुमच्या नळ्या पळण्याच्या अर्ध्या तासातच नाही तर दिवसभर थोड्या सुजलेल्या आहेत, पळताना ते फक्त दिसून येतं. दिवसाचे उरलेले २३ तास नीट करायचे सोडून सगळेजण त्या एका तासाच्या मागे लागतात, ट्रेनर पण, आई पण आणि तुम्हीही.

निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, नळीभोवतीचा स्नायू सैल करतो, सूज कमी करत नाही. १५ मिनिटं आधी दोन पफ घेतले तर दोन ते चार तास चांगलं संरक्षण मिळतं, यात वाद नाही, कधीतरी मॅचच्या आधी, कधीतरी ट्रेकच्या आधी घेणाऱ्याला मी काही बोलत नाही. पण रोज घेतलं की शरीर त्याला सरावतं, संरक्षण कमी वेळ टिकतं, आणि खरंच अटॅक आला तेव्हा पंप थोडा कमी लागू पडतो. आणि आत सूज तशीच वाढत असते, वरून मात्र सगळं छान चाललंय. २०१९ पासून जीना, म्हणजे ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, यांचा सल्ला स्पष्ट आहे की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी दम्यासाठी नुसता निळा पंप वापरू नये, इन्हेल्ड स्टिरॉइड, म्हणजे पंपाने ओढायचं सूज कमी करणारं औषध, कुठल्या ना कुठल्या रूपात हवंच. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, रोज नुसते दोन पफ मारून पळणं, नाही, असं चालवू नका.

मग काय, तर दोन रस्ते साधारण वापरले जातात आणि कुठला ते डॉक्टर ठरवतील. एक, रोज सकाळ-संध्याकाळ कमी डोसचा स्टिरॉइड पंप आणि निळा लागेल तेव्हा. दुसरा, स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल (हेही नळीभोवतीचा स्नायू सैल करतं) एकत्र असलेला पंप, जो लागेल तेव्हाही घेता येतो आणि व्यायामाच्या आधीही घेता येतो, म्हणजे आरामाचा पफ घेतला तरी त्यासोबत सुजेचं औषध जातंच. तुमच्यासारख्या माणसाला, ज्याला रोजचं औषध आठवत नाही पण पळायच्या आधीचा पफ बरोबर आठवतो, हा दुसरा प्रकार सोयीचा पडतो असा माझा अनुभव. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. मॉन्टेलुकास्टच्या गोळीनेही काहींना व्यायामाच्या त्रासात फायदा होतो, पण तिने झोप, मूड बिघडू शकतो, २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, यावर कडक इशारा दिलाय, तेव्हा कुणा मित्राच्या सांगण्यावरून सुरू करू नका.

स्टिरॉइड म्हटलं की चेहरा पडतो लोकांचा. कमी डोस म्हणजे ब्युडेसोनाइड (पंपातलं एक स्टिरॉइड) दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. अटॅक आल्यावर जी प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉइडचीच, गोळी देतात ती मोठ्या माणसाला बहुतेक वेळा दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि ती पोटातून सगळ्या अंगात जाते. औषधं वेगवेगळी आहेत त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करता येत नाही, पण अंदाज येतो ना. रोजचा छोटा डोस टाळून वर्षातून दोनदा गोळ्यांचा कोर्स घेणं यात काय शहाणपण आहे मला कळत नाही. पंपानंतर चूळ भरून थुंकायची एवढं केलं तर आवाज बसणं, तोंडात पांढरं येणं हेही बरंच टळतं. आणि हा पंप आज घेतला उद्या पळालो असा नसतो, फरक एक-दोन आठवड्यांत जाणवायला लागतो, व्यायामासाठी पूर्ण फायदा दिसायला चारेक आठवडे द्या.

आता जे मी रोज बघते ते. पंप मारता येत नाही. दहापैकी दहा जण म्हणतात येतो, मी म्हणते दाखवा, आणि बऱ्याच जणांच्या तोंडातून धूर बाहेर येताना दिसतो, म्हणजे औषध जिभेवर आणि हवेत. बरोबर पद्धत अशी की पंप हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट लावा, आत श्वास घ्यायला सुरुवात झाली की दाबा आणि हळू, खोल ओढत राहा, मग १० सेकंद धरा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, परत हलवून. पावडरवाला पंप असेल तर उलटं, त्यात जोरात आणि झटक्यात ओढायचं असतं. जमत नसेल तर स्पेसर लावा, त्यात कमीपणा काही नाही, मी मोठमोठ्या पहिलवान दिसणाऱ्यांना स्पेसर दिलेत.

अजून एक, काही पंपांवर डोस मोजणारा काउंटर नसतो. औषध संपल्यावरही गॅस फुसफुस करत राहतो. एक गृहस्थ दोन महिने तसल्या रिकाम्या पंपाचे दोन-दोन पफ मारून बॅडमिंटन खेळत होते आणि तक्रार ही की पंप आता लागू पडत नाही. मी डब्यावरचे डोस आणि त्यांच्या दिवसांचा हिशोब मांडला तेव्हा ते स्वतःच हसायला लागले. पंपावर सुरू केल्याची तारीख पेनने लिहून ठेवा.

औषध मार्गी लागलं की व्यायामाकडे येऊ. लोक वॉर्मअप म्हणजे दोन मिनिटं हात फिरवणं समजतात. दम्यात वॉर्मअप हे जवळजवळ औषध आहे, कारण एकदा नळ्यांना थोडं डिवचलं की साधारण निम्म्या लोकांत पुढचे दोनेक तास त्या तेवढ्या जोरात आवळत नाहीत, याला रिफ्रॅक्टरी पिरियड म्हणतात. यासाठी नुसतं हळूहळू चालून भागत नाही, त्यात थोडे जोराचे तुकडे लागतात. मी असं करवून घेते, पाच मिनिटं भरभर चाल, मग ३० सेकंद जरा जोरात पळणं आणि मिनिटभर चालणं असं सहा-सात वेळा, मग तीन-चार मिनिटं शांत चाल, आणि मग मुख्य पळणं. एकूण पंधरा-वीस मिनिटं. सगळ्यांना फायदा होतो असं नाही, तुम्ही निम्म्यात आहात की नाही ते चार-पाचदा करून बघितल्यावर कळेल. शेवटी पण एकदम ब्रेक मारू नका, दहा मिनिटं वेग उतरवत आणा.

वेग किती, तर बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तिथे सुरुवातीचे सहा आठवडे राहा. या वेगाला नाकाने श्वास बराचसा जमतो आणि जितका नाकाने जमेल तितका फायदाच. ट्रेनरचं "सहन करा" हे पायाच्या दुखण्याला लागू असेल, आवळलेल्या नळीला नाही. सहन करून नळी रुंद होत नाही. व्यायामाने दम्यात फायदा होतो तो असा की स्नायू आणि हृदय तयार झाल्यामुळे तेवढंच काम कमी श्वासात होतं, रोजच्या जगण्यात दम कमी लागतो, वजन जास्त असेल तर ते उतरल्यानेही बरं वाटतं. फुंकरीच्या मशीनवरचा आकडा फारसा बदलत नाही, हेही खरं सांगायला हवं, नाहीतर तीन महिन्यांनी लोक निराश होतात.

कुठला व्यायाम सेफ याचं उत्तर खरं तर छोटं आहे. दमा ताब्यात असेल तर जवळजवळ सगळे, फक्त स्कूबा डायव्हिंगच्या आधी डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्या. ताब्यात नसेल तर ज्यात सलग खूप वेळ जोरात श्वास लागतो, जसं लांब पल्ल्याचं पळणं, किंवा थंड कोरड्या हवेतले खेळ, ते जास्त डिवचतात. मधेमधे थांबे असलेले खेळ, वजनं उचलणं, चालणं कमी डिवचतात. पोहणं चांगलं मानतात कारण पाण्यावरची हवा ओलसर असते, पण बंद हॉलमधल्या पूलमध्ये क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर तोच वास काहींच्या छातीला बाधतो, तिथे वास घेऊनच ठरवा. तुम्हाला पळायचंय ना, मग पळाच, मी तुम्हाला दुसरीकडे ढकलणार नाही. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला किशोरवयापासून व्यायामाने होणारा दमा आहे आणि २००३ मध्ये तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन संपवून जागतिक विक्रम केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना हाच त्रास होता आणि त्यांनी ४१ पदकं आणली. आईंना हे वाचून दाखवा, पण सोबत हेही सांगा की त्यांची औषधं आणि तपासण्या चोख होत्या.

हवेचं बघायला लागतं. थंडीत नाकातोंडावर पातळ कापड किंवा बफ बांधा, सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल परत आत मिळते. रहदारीच्या रस्त्याकडेने पळू नका, दोन गल्ल्या आत गेलात तरी फरक पडतो. ज्या दिवशी हवा दिसायलाच वाईट आहे त्या दिवशी घरात वजनं उचला. परागकणांचा त्रास असेल तर तुमच्या ऋतूत वेळ बदला. आणि सर्दी, ही सगळ्यात जास्त फसवते. नाक वाहणं थांबलं तरी नळ्या त्यानंतरही दोन-तीन आठवडे चिडक्या राहू शकतात, या काळात अर्धाच व्यायाम, आणि छातीत उतरली असेल तर चालण्यापलीकडे काही नाही. पळून गुडघा दुखला म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी घेत असाल तर तेही बघा, काही दमेकऱ्यांना या गोळ्यांनी अटॅक येतो. पूर्वी कधी अ‍ॅस्पिरिन किंवा अशा गोळीने नाक बंद, छाती जड झालेली आठवत असेल तर हात लावू नका.

आज पळू की नको हे ठरवायला पीक फ्लो मीटर घ्या, साधं नळकांडं असतं. दोन आठवडे बरं वाटत असताना सकाळ-संध्याकाळ तीन-तीन फुंकरी मारा, त्यातली मोठी लिहा, सगळ्यात मोठा आकडा हा तुमचा बेस्ट. त्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर पळा. ५० ते ८० मधे असाल तर पळणं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्लॅनप्रमाणे औषध. ५० च्या खाली म्हणजे व्यायामाचा विचार सोडा आणि मदत घ्या. समजा तुमचा बेस्ट ५०० आहे आणि सकाळी ३८० आला, तर ते ७६ टक्के झालं, त्या दिवशी बूट परत आत.

मधेच त्रास झाला तर काय करायचं ते आधीच पाठ करून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. थांबा. बसा, सरळ, आडवं व्हायचं नाही. निळ्या पंपाचे ४ पफ, एकेक करून, स्पेसर असेल तर प्रत्येक पफला ४ श्वास. ४ मिनिटं थांबा. फरक नसेल तर परत ४, आणि तरीही नसेल तर रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत पफ चालू ठेवा. एकत्र औषधाचा पंप असेल तर त्याचे आकडे वेगळे असतात, ते लिहून घ्या डॉक्टरांकडून. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर, गुंगी आल्यासारखी, यातलं काही दिसलं तर चार मिनिटांची वाटही बघू नका, आधी फोन. आणि बरं वाटलं म्हणून त्या दिवशी परत पळायला निघायचं नाही. सोबत पळणाऱ्या एकाला तरी पंप कुठल्या खिशात आहे ते माहीत असू दे.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर हा आठवडा पळणं थांबवा, चाला. डॉक्टरांना भेटा, रात्रीची जाग आणि रोजचे पफ दोन्ही सांगा, स्पायरोमेट्री करा. नवीन पंप सुरू झाल्यावर दोन आठवडे भरभर चाल, मग वर सांगितलेल्या वॉर्मअपसह चालणं-पळणं, आठवड्यातून पाचऐवजी तीनदा, एक दिवस आड. चौथ्या आठवड्याच्या शेवटी बघा थांबल्यावरची ढास किती उरलीय. औषध नीट, पद्धत नीट, वॉर्मअप नीट आणि तरीही ढास तशीच असेल तर डोस वाढवत बसण्याआधी ती ट्रेडमिलची टेस्ट करायची आणि घशाची शंका परत काढायची.

घड्याळातल्या ९७ बद्दल राहिलंच. दम्यात ऑक्सिजन बराच उशिरा खाली येतो. नळ्या चांगल्या आवळलेल्या असतानाही माणूस जोर लावून श्वास घेत असतो, त्यामुळे आकडा ९६, ९७ दिसत राहतो, आणि पळताना हात हलत असल्याने मनगटावरचा आकडा तसाही भरवशाचा नाही. माझ्या खोलीत सुंईसुंई करणारे, वाक्य अर्ध्यात तोडणारे लोक ९७ दाखवत बसलेले असतात. तेव्हा डॉक्टरांकडे घड्याळ नका नेऊ, दोन आठवड्यांची पीक फ्लोची वही न्या, आणि रात्री किती वेळा जाग आली तेही त्यात लिहा, कंस न करता.